पाठ असलेली गाणी

"आप्पा, तुम्ही टेबलाकडे पाठ करून बसा. म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल," अभय म्हणाला.

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. जयसिंगपूरच्या घरातल्या पुढच्या खोलीत अभयनं टेबलावर सगळी मांडामांड केली होती. एका बाजूला आप्पांचा रेकॉर्ड प्लेअर, दुसऱ्या बाजूला त्याचा स्वतःचा लॅपटॉप आणि त्याला जोडलेली, पत्त्यांच्या कॅटाएवढी एक काळी डबी. दोन्हींच्या वायरी एकाच स्पीकरला जोडलेल्या. दोन्हींकडे गाणंही एकच होतं, किराणा घराण्याच्या एका बाईंचा मारवा. अभय आधी एक लावणार होता, मग दुसरं, आणि आप्पांनी नुसतं ऐकून सांगायचं होतं की रेकॉर्ड कुठली आणि फाइल कुठली.

"ओळखलंत तर मी ह्या विषयावर परत एक शब्द बोलणार नाही. नाही ओळखलंत, तर सगळ्या रेकॉर्ड मुजावर सरांच्या संग्रहालयाला द्यायच्या. कबूल?"

आप्पा त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी अभयकडे पाहिलं, मग प्लेअरकडे पाहिलं.

"पाठ करून गाणं ऐकायचं नसतं," ते म्हणाले.

"का?"

"मैफलीत गेलास तर गवयाकडे पाठ करून बसशील?"

"इथं गवई कुठाय? मशीन आहे हे."

"मशीन आहे म्हणतोय तो," दारात उभ्या असलेल्या आई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा होता. आमच्या तान्ह्या गार्गीला मांडीवर थोपटताना सुद्धा त्या अशाच बोलायच्या.

"मशीन तर मशीन. मला पाठ करायची नाही." आप्पा उठले, चपला घातल्या आणि फाटक उघडून बाहेर गेले. अभयनं लॅपटॉप मिटला. "बघितलंस?" तो मला म्हणाला. "ओळखता येणार नाही हे त्यांना माहिती आहे. म्हणून पळाले."

मलाही तसंच वाटलं होतं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा पाळण्यात असलेली गार्गी आज कॉलेजात जाते. पण ती खुर्ची आणि तो रुसवा मला अजून लख्ख दिसतो.

आप्पा म्हणजे माझे सासरे, जिनपाल मगदूम. साखर कारखान्यात इंजिनिअर होते. ऊस जिथं चरकात जातो त्या मिल विभागात त्यांची अख्खी नोकरी गेली. तिथं माणसाला माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागायचं, असं ते सांगायचे. गाणं हा त्यांचा एकुलता एक षोक. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, राजकारण नाही. पगार झाला की कोल्हापूरला किंवा सांगलीला जायचं आणि रेकॉर्ड आणायची. काचेची दोन मोठी कपाटं त्यांनी भरून ठेवली होती. मी सांगलीची, गाण्यात विशारद झालेली, म्हणून ह्या घरात आले तेव्हा आप्पांना झालेला आनंद अभयच्या आनंदापेक्षा जास्त दिसत होता.

आदल्या वर्षी गळीत हंगामात आप्पांना एका ट्रॅक्टरचा धक्का लागला. खांद्यावर पडले, हाड सरकलं. ट्रॅक्टरवाला शपथेवर सांगत होता की तो हॉर्न वाजवतच येत होता, शिवाय त्याच्याकडे गाणीही लावलेली होती. आमच्याकडे उसाचे ट्रॅक्टर जातात ते गाव जागं करत जातात, हे कुणालाही माहीत आहे. "विचारात होतो," एवढंच आप्पा म्हणाले. अभय मात्र घाबरला. दोघांनी आता एकट्यानं राहायचं नाही, पुण्याला आमच्याकडे यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. त्यात आम्ही, गार्गी, आता आई-आप्पा. काचेची दोन कपाटं त्यात कुठं बसवायची, हा प्रश्न खरा होता. अभयचा स्वभाव प्रश्न सोडवण्याचा. त्यानं रेकॉर्डवरून थेट लॅपटॉपमध्ये गाणं उतरवणारं एक नवीन मशीन मागवलं, आणि मिरजेच्या इकबाल मुजावर सरांना गाठलं. ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर. आपल्या घराच्या दोन खोल्यांत जुन्या रेकॉर्डचं संग्रहालय करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

मी बाळंतपणाच्या रजेवर होते. ठरलं असं, की मी गार्गीला घेऊन जयसिंगपूरला राहायचं, सगळ्या रेकॉर्डच्या फाइली करायच्या, आणि महिनाअखेर मुजावर सरांनी टेम्पो घेऊन यायचं.

अभय पुण्याला निघाला तेव्हा मी त्याला सोडायला स्टँडवर गेले होते. गाडी यायला वेळ होता.

"तुला मी दुष्ट वाटत असेन," तो म्हणाला.

"नाही. पण थोडं हळू घे."

"हळूच घेत आलोय. त्रिशला, मी हॉस्टेलला गेलो तेव्हापासून हा माणूस माझ्याशी फोनवर दोन वाक्यं बोललेला नाही. उचलतात, 'हां' म्हणतात, 'आईशी बोल' म्हणतात. मला नोकरी लागली तेव्हा सुद्धा. गार्गी झाली तेव्हा सुद्धा. आणि त्या रेकॉर्डसमोर दिवस दिवस बसतील. मला त्या रेकॉर्डचा रागच आहे असं समज."

गाडी आली. तो खिडकीतून काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही.

आमचं काम सुरू झालं. मला वाटलं होतं आप्पा असहकार पुकारतील, पण तसं झालं नाही. सकाळी देवळात जाऊन आले, नाश्ता झाला, की ते आपणहून खुर्चीत येऊन बसायचे. एकच अट होती. रेकॉर्ड कपाटातून ते काढणार, मऊ फडक्यानं ते पुसणार आणि सुईही तेच ठेवणार. मी लॅपटॉपवरचं बटण दाबायचं, संपलं की बंद करायचं, फाइलीला नाव द्यायचं. नव्या मशीनचं झाकण पारदर्शक होतं तरी ते त्यांना चालत नसे. उघडंच ठेवायला लावायचे.

"धूळ बसेल, आप्पा."

"बसू दे. पुसायला मी आहे."

रेकॉर्ड फिरायला लागली की ते पुढं वाकून बघत राहायचे. स्पीकर चालू असायचा, मी ऐकत असायचे, आणि मधूनच ते बोलायचे. "आता बघ, इथं तबलजी जरा घाई करतो आणि बाई त्याला मागं ओढतात." खरंच तसं व्हायचं. "ह्याच्या पुढच्या आवर्तनात ती पंचम चुकवून जाते, लक्ष दे." मी लक्ष द्यायचे, आणि पंचम चुकवलेला असायचा. गाणं शिकताना गुरूंनी मला जे सांगितलं नव्हतं ते मी त्या दिवसांत शिकले. मनातून मला अभयचंही पटत होतं. केलेली फाइल मी लावून बघायचे, आणि रेकॉर्डमध्ये नि तिच्यात मला काही कमी-जास्त वाटायचं नाही. तसं मी आप्पांना एकदा म्हटलंही.

"फाइल चांगलीच असणार," ते म्हणाले. "मी कुठं वाईट म्हणतोय?"

"मग हट्ट कशाला?"

त्यांनी पुढची रेकॉर्ड पुसायला घेतली.

अशातच एका दुपारी गार्गीला बारीक ताप आला. कशीबशी झोपवली होती. पाळणा शेजारच्याच खोलीत. आवाजानं ती उठू नये म्हणून मी स्पीकरचं बटण बंद केलं आणि कानाला हेडफोन लावला. आप्पा तेव्हा कपाटाशी होते. ते रेकॉर्ड घेऊन आले, पुसली, सुई ठेवली आणि बसले. भीमपलास होता. त्यांना सांगायचं माझ्या डोक्यात होतं, की आज तुम्हाला ऐकता येणार नाही, ती उठेल. पण गाणं सुरू झालं आणि मी त्यात गुंतले.

काही वेळानं माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. खुर्चीच्या हातावर त्यांचा तळवा ताल धरत होता. माझ्या कानात विलंबित चाललं होतं. समेवर त्यांचा हात पडला, पण माझ्या समेच्या किंचित आधी. पुढच्या समेलाही तसंच. मला आश्चर्य वाटलं, कारण आप्पा तालाला पक्के. मग मला आठवलं, की स्पीकर बंद आहे.

मी हेडफोन काढला. खोलीत काहीही आवाज नव्हता. सुई रेकॉर्डवरून जाताना जी डासासारखी बारीक कुरकुर करते, तेवढीच. स्वयंपाकघरात आईंनी विळी धुतल्याचा आवाज आला. आप्पांची नजर सुईवर होती. त्यांची मान हळूहळू डोलत होती. "आता," ते म्हणाले, "आता ही वर जाणार. बघ." आणि त्यांनी डोळे मिटून, हात थोडा उचलून, "वा," म्हटलं.

मी हेडफोन परत कानाला लावला. बाई वरच्या षड्जावर होत्या.

किती वेळ मी तशीच त्यांच्याकडे बघत बसले होते कोण जाणे. त्यांनी डोळे उघडले तेव्हा हेडफोन परत माझ्या हातात होता. त्यांनी तो पाहिला. मग त्यांची नजर स्पीकरकडे गेली. स्पीकर चालू असला की त्यावर एक हिरवा दिवा असायचा. तो नव्हता. त्यांचा हात खुर्चीच्या हातावर थांबला.

"किती वेळ बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून," मी म्हणाले.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस समोरच्याचं बोलणं किती मन लावून ऐकतो.

त्यांनी सुई उचलली. रेकॉर्ड फिरत राहिली.

"काहीच नाही येत, आप्पा?"

"जवळ बसून, समोरून, एकेकानं बोललेलं लागतं. अर्धं कानानं, अर्धं तोंड बघून. गाणं नाही लागत. भांड्यांची चळत पायरीवरून पडावी तसं काहीतरी येतं." ते हे अगदी साधेपणानं म्हणाले. "मिलमध्ये गेलं ते. सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. माझं जरा जास्त गेलं."

"कानाचं मशीन?"

"कोल्हापूरला जाऊन लावून बघितलं होतं. तीन दिवस. बोलणं मोठं होतं त्यानं. गाणं लावलं तर मला ही गाणारी बाई ओळखू येईना. त्यापेक्षा मला जशी आठवते तशी बरी." त्यांनी रेकॉर्डकडे बोट केलं. "हे इकडं ये, बघ. उजेडात तिरकं बघ. इथं दाट काळं दिसतं ना, इथं ती शांत आहे. इथं करडं, खरबरीत झालंय, इथं ताना. ही बारीक मोकळी फट, इथं विलंबित संपतं. सुई कुठं आहे ते मला दिसतं. सुई दिसली की मला गाणं कुठं आलंय ते कळतं, आणि मग ते आत चालू होतं. माझं पाठ आहे सगळं. फक्त कुणीतरी बोट धरून पुढं न्यायला लागतं. ते ही सुई करते. अभयच्या डबीवर एक दिवा लागतो. गाणं चाललंय का संपलंय, मला कळायचंसुद्धा नाही."

दारात आई येऊन उभ्या होत्या. त्यांनी बंद स्पीकर पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि त्यांना समजलं.

"कळलं होय तुला," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला नको माहीत? त्या आवाजाच्या बटणावर पांढरा ठिपका दिलाय तो कुणी? त्याच्या पुढं नेलं की शेजारची मंडळी विचारायला येतील." त्या हे नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. मला आता कळत होतं की तो आवाज त्यांचा नव्हताच. तो त्यांनी आप्पांसाठी घेतला होता आणि मग तोच गळ्यात राहिला.

"अभयला सांगू नकोस," आप्पा म्हणाले.

"का पण? त्याला काय वाटतं ते तुम्हाला माहीत नाही."

"आमचे आजोबा बहिरे होते. घरात पंधरा माणसं. त्यांच्याशी दोनच शब्द बोलायची. 'जेवा' आणि 'सरका'. बाकी सगळं त्यांच्या डोक्यावरून चालायचं. म्हातारा हुशार होता गं, चार गावांचे तंटे सोडवलेला. पण एकदा बहिरा म्हटल्यावर..." त्यांनी हात झटकला. "तू मला शब्द दे."

मी शब्द दिला. द्यायला नको होता, असं तेव्हाही वाटत होतं, पण त्यांच्या समोर बसून नाही म्हणणं मला जमलं नाही.

महिनाअखेर अभय आला. शनिवारची सकाळ होती. त्याच्यापाठोपाठ मुजावर सर टेम्पो घेऊन आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलणं अतिशय मऊ. रेकॉर्ड ठेवायला त्यांनी स्वतः कागदी पुठ्ठ्याचे खोके बनवून आणले होते, आतून कापडाचं अस्तर लावलेले. मला ते बघून आणखीनच वाईट वाटलं. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं.

आप्पा खुर्चीत बसले होते. सरांनी पहिलं कपाट उघडलं, एक रेकॉर्ड दोन्ही हातांनी काढली, कडेला धरून उजेडात तिरकी करून पाहिली आणि म्हणाले, "मगदूमसाहेब, काय जपलंय तुम्ही."

आप्पांची मान खाली होती. त्यांना ते कळलं नाही.

"सर, थांबा," मी म्हणाले. "ह्या द्यायच्या नाहीयेत."

अभयनं माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे?"

"मला हव्यात."

"तुला कशाला? तूच फोनवर म्हणालीस, फाइलीत काही कमी नाही."

"म्हणाले होते. तरी मला हव्यात. हॉलच्या भिंतीला लावू. सोफा काढू."

"सोफा काढू? त्रिशला, मी सरांना शब्द दिलाय. ते भाड्याचा टेम्पो घेऊन आलेत. आणि आज, आत्ता, तू मला हे सांगतेस?"

"हो. चुकलं माझं. पण द्यायच्या नाहीत."

"कारण काय?"

मी आप्पांकडे पाहिलं. सर रेकॉर्ड हातात धरून तसेच उभे होते, ठेवावी की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

"मी सांगतो कारण," अभय म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता. "ह्यांनी तुला फितवलंय. महिनाभर बसून सुनेला गाणं समजावून सांगतात. मुलाशी फोनवर बोलायचं म्हटलं की 'आईशी बोल'. पंधरा वर्षं हे चाललंय. आणि तू त्यांची बाजू घेऊन मला चार माणसांत तोंडघशी पाडतेस. तुला लाज वाटायला पाहिजे."

असं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान फिरवली.

"काय म्हणतोय तो तिला?" आप्पांनी आईंना विचारलं.

आई नेहमी अभयचं बोलणं आप्पांपर्यंत पोचवताना त्याचे काटे काढून पोचवायच्या. 'नको' असेल तर 'बघतो म्हणाला' सांगायच्या. त्या दिवशी त्यांनी तसं केलं नाही. त्या आप्पांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्यापायी बोलणी खायलीय ती," त्या म्हणाल्या. "लाज वाटू दे म्हणतोय तिला. आणि तुम्हाला पोराशी फोनवर बोलायला नको असतंय म्हणतोय. आणि ती गप्प आहे, कारण तुम्ही तिच्याकडनं शब्द घेतलाय. आता काय करायचं ते बघा तुम्ही."

आप्पा खुर्चीतून उठले. खांदा दुखावल्यापासून त्यांना उठायला जरा वेळ लागायचा. ते खिडकीपाशी गेले, जिथं उजेड होता.

"अभय, इकडं ये. इथं उभा राहा. माझ्यासमोर."

अभय जागचा हलला नाही.

"ये रे."

तो गेला.

"मला ऐकू येत नाही," आप्पा म्हणाले.

"तेच तर म्हणतोय मी. तुम्ही ऐकूनच घेत नाही."

"तसं नव्हे. कानाला. कानाला येत नाही."

अभयनं आईंकडे पाहिलं. आईंनी मान हलवली.

"कधीपासून?"

"तू इंजिनिअरिंगला गेलास, त्याच्या आधीपासून उतरत चाललं होतं. मग गेलं."

"मग फोनवर..."

"फोनवर तुझं तोंड दिसत नाही रे," आप्पा म्हणाले. "तू काय म्हणतोस ते मला कळायचं नाही. काहीतरी चुकीचं उत्तर जाईल म्हणून हिच्याकडे द्यायचो. मग ठेवल्यावर ही मला सगळं सांगायची. तुला नोकरी लागली तेव्हा हिनं मला दोनदा सांगितलं. मी परत सांग म्हणालो होतो."

अभय वळला, दारातून बाहेर गेला, आणि अंगणात नळाजवळ जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी त्याच्यामागं जायला निघाले तर आईंनी माझा हात धरला. "राहू दे त्याला थोडा वेळ," त्या म्हणाल्या. ह्या वेळी त्यांचा आवाज अगदी हळू होता. मी तो पहिल्यांदाच ऐकला.

मुजावर सरांनी हातातली रेकॉर्ड जिथून काढली होती तिथंच परत ठेवली. मग ते आप्पांच्या समोर आले आणि नीट, सावकाश म्हणाले, "मगदूमसाहेब, मी येतो. ह्या इथंच असू देत."

"थांबा," आप्पा म्हणाले. "रिकामा टेम्पो घेऊन जाऊ नका."

त्यांनी दुसऱ्या कपाटाच्या तळातून, गुडघ्यावर बसून, रेकॉर्डचा एक गठ्ठा ओढून काढला. मग आणखी एक. मी महिनाभर त्या कपाटांशी वावरत होते, पण ह्या त्यांनी मला कधी काढून दिल्या नव्हत्या. वरची उचलली तर तिच्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन तसंच होतं. खालचीवरही तसंच.

"ह्या उघडल्याच नाहीत?" सरांनी विचारलं.

"कॅसेटी आल्या तेव्हा सांगलीचा दुकानदार रेकॉर्ड संपवायला लागला होता. जुनं गिऱ्हाईक म्हणून माझ्यासाठी चांगल्या चांगल्या बाजूला काढून ठेवायचा. नको म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, का नको." आप्पांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "घ्यायचो. आणून ठेवायचो. ह्या मी कधी ऐकल्या नाहीत. ह्या माझ्या नव्हेत. तुम्ही न्या, तुमच्याकडे येणारे ऐकतील."

सरांनी त्या एकेक करून अस्तराच्या खोक्यात ठेवल्या. आप्पा खोक्यात जाणारी प्रत्येक बघत होते. एका रेकॉर्डवर त्यांचा हात नकळत पुढं झाला आणि मग परत मागं गेला. मी ते पाहिलं.

"ही कुठली?" मी विचारलं.

"बागेश्री. मारवा जिचा आहे तिचाच. हिचा बागेश्री मी ऐकलेला नाही." ते हसले. "कसा असेल ह्याचा अंदाज करायचो कधीकधी."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी काही न बोलता ती रेकॉर्ड माझ्या हातात दिली. टेम्पोपर्यंत आई त्यांना पोचवायला गेल्या.

मी वेष्टन फाडलं. आप्पा नको म्हणत होते तरी फाडलं. रेकॉर्ड मशीनवर ठेवली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि माझा स्टूल त्यांच्या अगदी समोर ओढला.

"मी ऐकते आणि सांगते," मी म्हणाले. "तुम्ही सुईकडे बघा आणि माझ्याकडे बघा."

त्यांनी सुई ठेवली. मी स्पीकर लावला नाही, हेडफोनच घेतला, मला प्रत्येक स्वर हवा होता.

"तानपुरे आहेत नुसते. आता ती आली. मध्यमावर आहे. अजून मध्यमावरच आहे."

"घाई करणार नाही ती."

"आता धैवताला जाऊन आली. परत मध्यम."

"कोमल निषाद कसा घेते?"

इतकी वर्षं गाणं शिकून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी पुढच्या वेळेची वाट पाहिली. निषाद आला. "ठणकावून नाही," मी म्हणाले. "काठोकाठ भरलेली कळशी कट्ट्यावर ठेवावी तसा ठेवते. सांडू न देता." आणि तेवढी जागा मी त्यांच्यासमोर तोंड करून गाऊन दाखवली, हातानं उंची दाखवत. ते माझ्या गळ्याकडे, ओठांकडे, हाताकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर हलायला लागली, अंदाज घेत घेत.

पुढं पुण्याला आम्ही सोफा काढला. आप्पांनी बोलण्यापुरतं कानाचं मशीन लावायचं कबूल केलं, गाण्याच्या वेळी काढून ठेवायचे. मिरजेहून मुजावर सर त्या गठ्ठ्यांतली एकेक रेकॉर्ड पाठवायचे, ती मी आप्पांना अशीच ऐकून सांगायचे, आणि आम्ही ती परत पाठवायचो. अभयच्या डबीतल्या फाइली मी स्वयंपाक करताना लावायचे. घरात दोन्ही चालू राहिलं. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी बागेश्रीची पहिली बाजू अर्ध्यावर आली असेल, तेव्हा अभय आत आला. तोंडावर पाणी मारलं होतं, शर्ट पुढून भिजला होता. तो दारात थोडा घुटमळला. मग त्यानं कोपऱ्यातली छोटी खुर्ची उचलली, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी फिरवली आणि आप्पांच्या समोर, माझ्या शेजारी येऊन बसला.

"आप्पा," तो म्हणाला, सावकाश नाही, मोठ्यानंही नाही, नेहमीसारखं. "मला तुमच्याशी बोलायचंय."

आप्पा रेकॉर्डकडे बघत होते. त्यांनी मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला हातानं खूण केली.

मी सुई उचलली.

"बोल," ते म्हणाले.